लाल छत्रीची ओळख

पावसाने जोर धरला की आमच्या हिंगोली जिल्ह्यात बांधावर, वारुळाजवळ, कुजक्या पाल्यात छत्र्या उगवतात. मराठीत ती कुत्र्याची छत्री, आमच्या घरात सांप की छतरी. कुत्र्याच्या आणि सापाच्या नावावर टाकून दोन्ही भाषा मोकळ्या झाल्या. ओळख कोणी करून घेतली नाही.

मागच्या पावसाळ्यात औंढ्याच्या डोंगराकडची एक छत्री वर्गात आली. सागाच्या कुजक्या पानावर उगवलेली, नखाएवढी, डाळिंबासारखी लाल. मुले म्हणाली, "लाल है, तो जहरीच है."

आम्ही आधी हा रंगाचा न्याय बाजूला ठेवला. जगात सर्वाधिक बळी घेणारी 'डेथ कॅप' छत्री फिकट हिरवट, साधीभोळी दिसते. तिचे विष शिजवून जात नाही आणि त्रास साधारण सहा ते बारा तासांनी सुरू होतो. चांदीचा चमचा काळा पडतो ही नुसती समजूत.

मग खुणा पाहिल्या. टोपीवर छत्रीसारख्या चुण्या. खाली माशाच्या कल्ल्यांसारखे पांढरट पापुद्रे, विरळ. देठ घोड्याच्या केसासारखा, काळसर. पापुद्रे मेणचट आणि देठ मऊ असता तर ती हायग्रोसायबी ठरली असती. देठ कापून टोपी अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर रात्रभर वाटीखाली झाकली. सकाळी काळ्या भागावर पांढरी भुकटी दिसली. हेच तिचे बीजाणू. सुकलेल्या टोपीवर पाणी शिंपडले तर ती पुन्हा उमलली! ही मॅरास्मियस वंशाची खूण. पुढची नेमकी जात सूक्ष्मदर्शकाखालीच ठरते. म्हणून फळ्यावर आम्ही एवढेच नाव लिहिले.

एवढा खटाटोप कशासाठी? बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत 'कमअत'च्या पाण्यात डोळ्यांसाठी शिफा असल्याची हदीस आहे. उर्दू तर्जुम्यात तिथे बहुधा 'खुंबी' लिहिलेले असते. एका मुलाने तेच सांगून विचारले, हिचे पाणी डोळ्यात घालायचे का? अरबांची कमअत वाळवंटात जमिनीखाली, बटाट्यासारखी वाढते. तिला ना छत्री, ना देठ, ना पापुद्रे. तर्जुम्यातल्या एका शब्दावर भरवसा ठेवून बांधावरची कोणतीही छत्री लेकराच्या डोळ्यात पिळू नये. चाखूही नये. डोळा दुखला तर दवाखाना गाठावा.