पुडीतलं नाव



गेल्या चातुर्मासात आमच्या आई, म्हणजे सासूबाई, साताऱ्याला नणंदेकडे होत्या. वय 84. मूळव्याधीचा जुना त्रास, अधूनमधून रक्त पडायचं. तिथल्या वैद्यांनी चूर्णाच्या पुड्या दिल्या. मधातून घ्या म्हणाले, पण आपल्याला मध वर्ज्य. मग ताकातून चालेल म्हणाले. गुण येत होता.

आई सांगलीला परत आल्यावर मी चिठ्ठीवरची नावं वाचत होते. त्यात हिरादखण होतं. मोबाइलवर शोधलं आणि हसत हसत मोठ्यांदा सांगितलं, "आई, याला इंग्रजीत ड्रॅगनचं रक्त म्हणतात!" ड्रॅगन म्हणजे आग ओकणारा, पंखांचा साप, हेही वर सांगितलं. आई काही बोलल्या नाहीत.

तीन आठवड्यांनी देवघरातून उठताना त्यांना चक्कर आली. तपासलं तर हिमोग्लोबिन 7. डॉक्टरांनी विचारलं, "औषध चालू आहे ना?" मी ठासून हो म्हटलं. घरी आले, अंथरूण झटकलं, तर उशीखाली सगळ्या पुड्या!

मी चिडलेच. "आई, असा प्राणी जगात नाहीच. त्याचं रक्त येणार कुठून?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "यशोधर राजाचा कोंबडा तरी कुठे खरा होता?"

मी गप्प झाले. आईच्या आग्रहाखातर राजाने पिठाचा कोंबडा बळी दिला आणि त्यापायी पुढे मोराच्या जन्मापासून किती फेरे भोगले, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय.

मग मात्र नीट माहिती काढली. हिरादखण हा झाडाचा लालभडक डिंक. येमेनच्या सोकोत्रा बेटावर छत्रीसारखी झाडं आहेत, त्यांच्या खोडाला चीर दिली की तो पाझरतो. सुमात्राकडे एका वेताच्या फळांवरही असाच डिंक येतो. रंगावरून लोकांनी कथा रचल्या. रोमच्या प्लिनीने तर हत्ती आणि अजस्र सापाच्या झुंजीत दोघांचं रक्त मिसळतं, असं लिहून ठेवलं. अरबीतलं नाव दम्मुल अखवैन, म्हणजे दोन भावांचं रक्त. सगळीकडे रक्तच, पण फक्त नावात.

आईंना झाडाचा फोटो दाखवला. म्हटलं, "राजाच्या मनात बळीचा संकल्प होता. तुमच्या मनात कसला होता?"

बराच वेळ फोटो बघून त्या म्हणाल्या, "चीर देतात म्हणजे एकेंद्रिय जीवाला दुखतंच की."

"दुखतं. भाजी चिरतानाही दुखतं."

"तेही खरं," म्हणाल्या. डॉक्टरांना विचारून पुड्या पुन्हा सुरू झाल्या. अट एकच, घरात ते इंग्रजी नाव काढायचं नाही.

गंमत पुढेच आहे. डॉक्टरांनी लोहाची कॅप्सूल दिली होती. नाव अगदी साधं, पण कवच जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं. ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी लगेच गोळी लिहून दिली.

आता हिमोग्लोबिन 10 आहे. मैत्रिणींनो, शंका आली तर जरूर विचारा, पण विचारल्याशिवाय औषध थांबवू नका. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर थट्टेतही जपून बोला. त्यांनी पुड्या लपवल्या, हे खरं. पण ती वेळ माझ्या थट्टेने आणली होती. त्याचं मिच्छामि दुक्कडं मी त्यांच्या पायाशी बसून केलं.