विसावा कोणापासून?

साठी उलटली तरी कामोठ्याच्या घरातून आम्हां उभयतांचे पाऊल निघत नव्हते. अखेर सुनेनेच बोटीच्या सफरीचा आग्रह धरला. व्हायकिंग व व्हर्जिन या परदेशी कंपन्या १८ वर्षांखालील उतारू घेतच नाहीत; तेथे निवांतपणा खात्रीचा, परंतु खर्च व अंतर फार. उलट, मुंबईहून २०२१ साली सुरू झालेल्या कॉर्डेलियावर मुलांचा गलबला असावयाचाच. विचारांती उमगले, की विसावा हवा होता तो मुलांपासून नव्हे, कर्तेपणापासून! परक्यांची मुले कितीही रडली, तरी आम्हांस कोणी हाक मारणार नव्हते. कॉर्डेलियाच ठरली. १९४७ साली रेवसच्या वाटेवर बुडालेल्या ‘रामदास’ची हकीकत ऐकत वाढलेल्या आमच्या मातोश्री एवढेच म्हणाल्या, “जा बाळांनो, पण सांभाळून परत या.”