नळी, पिशवी आणि कार्बनची जोडी

आपल्या घरांत व्हॅक्यूम क्लीनर बहुधा दोनच ठिकाणी सापडतो, माळ्यावर नाहीतर दिवाणाखाली. घेतला तेव्हा शेजारपाजारच्या बायका तो बघायला आलेल्या असतात. दोन-तीन वर्षांनी "आता ओढत नाही" म्हणून तो बाजूला पडतो आणि एके दिवशी भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतो. अशा यंत्रांपैकी पुष्कळांची मोटर चांगली असते. भरून गच्च झालेली असते ती पिशवी, चिरलेली असते ती नळी, आणि झिजलेला असतो तो बोटाच्या पेराएवढा कार्बनचा तुकडा.

आमच्याकडचे यंत्र चाकांवर ओढत न्यायचे, डब्यासारखे आहे. मामूंनी ते २०११ मध्ये दुबईहून आणले. मराठवाड्यातल्या कितीतरी मुस्लिम घरांत आखाती देशांतून आलेली अशी एखादी वस्तू असते. ब्लँकेट आणि अत्तर बिघडत नाही, यंत्र बिघडते, आणि त्याचे मॉडेल इथे कधी विकलेलेच नसते. आमच्या घरात हे यंत्र हौसेसाठी नाही. अम्मींना दमा आहे. डॉक्टरांनी कोरडा झाडू बंद करायला सांगितले, कारण झाडूने धूळ जाते कुठे? ती उडते, घरभर फिरते आणि तासाभराने पुन्हा गाद्यांवर, सतरंजीवर, जानमाजवर येऊन बसते. शिवाय गाद्या-गालिच्यांत डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे राहतात, त्यांचाही दमेकऱ्याला त्रास होतो. त्यात आमचे शहर. उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ, आणि गेली काही वर्षे नव्या पाणीपुरवठा योजनेच्या जलवाहिन्यांसाठी खोदलेले रस्ते. दुपारी पुसलेल्या खिडकीच्या चौकटीवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येते.

म्हणून यंत्र बंद पडले की आमच्याकडे रात्री झोप उडते. अम्मी पहाटे उठून बसतात, पंप शोधतात, आणि आम्ही यंत्राचे झाकण उघडून बसतो.

मुळात हे यंत्र धूळ ओढत नाही, हवा ओढते. आतला पंखा मोठ्या वेगाने हवा बाहेर फेकतो, त्यामुळे डब्यात दाब कमी होतो आणि बाहेरची हवा नळीतून आत धावते. येताना ती धूळ घेऊन येते. धूळ पिशवीत अडकते, हवा पुढे जाते. आमच्यासारख्या कोरड्या यंत्रांत हीच हवा पुढे मोटरीला थंडही करते. म्हणजे पिशवी किंवा फिल्टर तुंबला की ओढ कमी होते एवढेच नाही, मोटरही तापते. बऱ्याच यंत्रांत अशा वेळी उष्णतेने बंद होणारा एक आपोआप कटआउट असतो. यंत्र मध्येच थांबले तर ते मेले असे समजू नये. प्लग काढावा, पिशवी व फिल्टर साफ करावा, तासभर थांबावे. अम्मी म्हणतात, "माझ्यासारखीच त्याची पण छाती भरते." यापेक्षा सोपे स्पष्टीकरण आम्हाला कुठल्या माहितीपुस्तकात मिळाले नाही.

ओढ कमी झाली की दोष शोधायला हात पुरतो. यंत्र सुरू करून नळी डब्यापासून काढायची आणि डब्याच्या तोंडावर तळवा ठेवायचा. तिथे जोर असेल तर डबा ठीक आहे, दोष नळीत, दांडीत किंवा ब्रशमध्ये आहे. तिथेही जोर नसेल तर पिशवी, फिल्टर, झाकणाचे रबर आणि शेवटी मोटर, या क्रमाने बघायचे. नळी तुंबली असेल तर तिच्यात गोटी किंवा नाणे सोडावे. दुसऱ्या टोकाला पडले नाही तर अडथळा कुठे आहे ते कळते. आमच्या नळीतून आजवर निघालेल्या वस्तूंत एक तसबीह, दोन सुपाऱ्या आणि शाळेच्या गणवेशाचे बटण आहे.

पिशवीचा शोध आम्हाला सर्वांत जास्त फिरवून गेला. कागदी पिशवी एकदाच वापरायची असते आणि आमच्याकडच्या शेवटच्या दोन संपल्या, तेव्हा शहागंज, सिटी चौक, गुलमंडी अशी फेरी झाली. दुकानदार यंत्राच्या कंपनीचे नाव विचारत आणि मान हलवत. खरे म्हणजे पिशवी कंपनीच्या नावावर बसत नाही, पुठ्ठ्यावर बसते. तिच्या तोंडाशी पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची चौकोनी पट्टी असते. त्या पट्टीची लांबी, रुंदी आणि मधल्या भोकाचा व्यास मिलीमीटरमध्ये जुळला, आणि पिशवी डब्यात मावली, की काम झाले. आम्ही जुनी पट्टी फूटपट्टीशेजारी ठेवून तिचा फोटो काढला. त्या फोटोवर एका वेगळ्याच कंपनीची पिशवी मिळाली, आणि ती तंतोतंत बसली.

मधल्या काळात एका टेलरने कापडी पिशवी शिवून देतो म्हटले. कापडी पिशवी वाईट असते असे नाही. कित्येक यंत्रांना ती मुळातच असते आणि ती झटकून पुन्हा वापरता येते. पण साध्या सुती कापडातून मोठा कचरा थांबतो आणि अगदी बारीक धूळ पलीकडे निघते. ती आधी फिल्टर तुंबवते, आणि उरलेली यंत्राच्या मागच्या जाळीतून खोलीत परत येते. दमेकऱ्याच्या घरात ही काटकसर उलटी पडते. म्हणून नको म्हटले. फिल्टरच्या बाबतीतही तेच. हेपा दर्जाचा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो असे अमेरिकी मानक सांगते, पण तो धुण्याजोगा आहे असे त्यावर लिहिले नसेल तर नळाखाली धरू नये. त्याचे धागे बिघडतात आणि तो दिसायला स्वच्छ, कामाला निकामी होतो. धुण्याजोगा असेल तर पूर्ण वाळेपर्यंत, निदान एक दिवस, यंत्र चालवू नये. पिशवीही काठोकाठ भरू देऊ नये. पाऊण भरली की बदलावी, आणि पीठासारखी धूळ असेल तर त्याही आधी, कारण तिने पिशवीची छिद्रे लवकर बंद होतात. आणि हो, सफाई सुरू असताना व त्यानंतर थोडा वेळ दमेकऱ्याने त्या खोलीत बसू नये. पिशवी तर दुसऱ्याने, अंगणात किंवा गच्चीवर, नाकाला रुमाल बांधून काढावी.

नळीची गोष्ट वेगळी. ती मधे क्वचितच फाटते, टोकाशी चिरते, जिथे ती डब्याला किंवा हँडलला जोडलेली असते, कारण सगळी वाकवावाकवी तिथेच होते. चीर पडली की शिट्टीसारखा आवाज येतो. टोकाची कडी आट्यांची असेल तर चिरलेला तीन-चार बोटे भाग कापून कडी पुन्हा फिरवून बसवता येते. नळी थोडी आखूड होते, बाकी काही बिघडत नाही. आम्ही हे दोनदा केले. तिसऱ्यांदा नळीच घ्यावी लागली. ऑनलाइन एका विक्रेत्याने "सर्व मॉडेलना बसणारी" असे लिहिले होते. सर्व मॉडेलना बसणारी नळी या दुनियेत नाही. दांड्यांचे प्रचलित माप ३२ आणि ३५ मिलीमीटर, आणि ३ मिलीमीटरच्या फटीतून बरीच ओढ निघून जाते. आम्ही विचारताना माप लिहून दिले होते, तरी ३५ ची आली, आणि परत घ्यायला विक्रेता तयार नव्हता. शेवटी मधे बसवायचा रबरी जोड मिळाला. आता कुठलाही भाग मागवताना आम्ही विक्रेत्याकडून माप लिहून घेतो आणि तो संदेश जपून ठेवतो.

युरोपीय संघाने याच गोष्टींचा हिशेब कायद्यात घातला आहे. २०१३ च्या त्यांच्या नियमावलीप्रमाणे सप्टेंबर २०१७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या घरगुती व्हॅक्यूम क्लीनरची नळी ४०,००० वेळा हेलकावूनही वापरण्याजोगी राहिली पाहिजे, मोटर निदान ५०० तास चालली पाहिजे आणि यंत्र ९०० वॅटपेक्षा कमी असले पाहिजे. ५०० तास ऐकायला थोडे वाटतात. आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास धरला तर वर्षाला ५२ तास, म्हणजे साडेनऊ वर्षे. आणि वॅटवर भुलण्याचेही कारण नाही. वॅट म्हणजे यंत्र किती वीज खाते ते, किती ओढते ते नव्हे. आमचे जुने यंत्र १६०० वॅटचे, २३० व्होल्टवर जवळपास ७ अँपियर घेणारे. दुबईच्या तीन चपट्या पिनांचा प्लग काढून आम्ही त्याला १६ अँपियरचा मोठा प्लग लावून घेतला. अशा यंत्रांना बाजारातला स्वस्त कन्व्हर्टर लावून ६ अँपियरच्या छोट्या सॉकेटमध्ये खुपसतात, तिथे काळे डाग पडलेले आम्ही अनेक घरांत पाहिले आहेत.

तीन वर्षांपूर्वी मोटर थांबत-थांबत चालू लागली, आतून ठिणग्या दिसू लागल्या आणि जळका वास आला. कंपनीच्या सेवा केंद्रात सांगण्यात आले की हे मॉडेल भारतात नाही, भाग मिळणार नाहीत, जुने जमा करा आणि सवलतीत नवे घ्या. तिथल्या मुलाने यंत्राचे झाकणही उघडले नाही. नवे घेणे पाप नाही. पण त्या महिन्यात अम्मींची औषधे आणि मुलांची फी एकदम आली होती, आणि नव्याचा हप्ता म्हणजे पुढचे वर्षभर ओढाताण.

मिक्सर आणि पाण्याच्या मोटरी भरणाऱ्या एका चाचांकडे यंत्र नेले. त्यांनी ते उलटे केले, तळाची पट्टी वाचली, मोटर बाहेर काढली आणि म्हणाले, "बेटा, पार्ट डब्बा देख के नहीं, मोटर देख के लेना." डब्यावर नाव कोणाचेही असो, आतली मोटर बऱ्याचदा दुसऱ्याच कारखान्याची असते आणि तिच्या अंगावर तिचा स्वतःचा क्रमांक छापलेला असतो. अशा मोटरीत दोन कार्बन ब्रश स्प्रिंगच्या जोराने फिरत्या तांब्याच्या भागावर टेकलेले असतात आणि वीज आत पोहोचवतात. ते पेन्सिलीच्या शिशासारखे झिजतात, झिजायलाच केलेले असतात. आखूड झाले की टेकत नाहीत, ठिणग्या उडतात. चाचांनी जुना तुकडा मोजला, वाळूजकडच्या हत्यारांच्या एका दुकानातून ग्राइंडर-ड्रिलसाठी येणाऱ्या कार्बनांपैकी त्याच जाडी-रुंदीची जोडी आणवली आणि लांबी घासून बरोबर केली. तांब्याचा भाग बारीक कागदाने साफ केला. जोडीच बदलायची, एकच कधी नाही, असे त्यांनी दोनदा बजावले. पहिली दहा मिनिटे यंत्र नळी न लावता मोकळे चालवले, म्हणजे नवा कार्बन तांब्यावर नीट बसतो. सगळा खर्च ४५० रुपये. त्या रात्री अम्मींच्या खोलीतली गादी दोन्ही बाजूंनी ओढून काढली आणि त्या फजरपर्यंत झोपल्या.

भाग मिळत नाही हे उत्तर ऐकून गप्प घरी येण्याची गरज आता तेवढी राहिलेली नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही त्याची चार क्षेत्रे. कंपन्यांनी तिथे माहितीपुस्तके, सुट्या भागांची आणि दुरुस्तीची माहिती द्यावी अशी कल्पना आहे. इथे विकत घेतलेल्या वस्तूबद्दल तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. परदेशातून आणलेल्या वस्तूला मात्र यातून फारसा आधार मिळत नाही. त्यामुळे यापुढे दुबई-जिद्दाहून कोणी काय आणू विचारले, तर यंत्राऐवजी त्या यंत्राच्या पिशव्या आणा असे सांगावे, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

काही गोष्टी या यंत्राला कधी देऊ नयेत. पाणी सांडले असेल तर कोरडे यंत्र लावू नये. लोबानची राख, त्यात निखारा लपलेला असू शकतो, कागदी पिशवी पेट घेते. प्लास्टर किंवा सिमेंटची पूड, ती फिल्टरमधून मोटरीत जाऊन बसते. वायर ओढताना पिवळी खूण दिसली की थांबावे, लाल खुणेपुढे ओढू नये, आणि प्लग काढताना वायर न धरता प्लग धरावा. मोहल्ल्यातल्या मशिदीच्या गालिच्यासाठी रमजानपूर्वी आमचे यंत्र मागितले गेले, तेव्हा आम्ही यंत्राऐवजी एक दिवसाचे भाडे दिले. एवढ्या मोठ्या गालिच्याला ड्रमचे मोठे यंत्र लागते. घरगुती यंत्र सलग तीन तास चालवले तर मोटर जाते आणि गालिचाही अर्धाच होतो.

आता झाकणाच्या आतल्या बाजूला आम्ही एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर मॉडेलचा क्रमांक, मोटरीचा क्रमांक, पिशवीच्या पट्टीचे माप, नळीचे माप, कार्बनचे माप आणि बदलल्याच्या तारखा आहेत. चाचांच्या दुकानाचा नंबरही. मामूंच्या दुबईच्या बिलाची झेरॉक्सही तिथेच आहे. त्यावर पत्ता औरंगाबाद आहे आणि परवा आलेल्या नळीच्या पार्सलवर छत्रपती संभाजीनगर, पिनकोड मात्र दोन्हींवर तोच.

सध्या मागचे डावे चाक अडले आहे. आसाचे माप ८ मिलीमीटर, चाकाचा व्यास ११० मिलीमीटर. चाचा म्हणतात जुन्या बाजारात एखाद्या मोडक्या यंत्रावर मिळेल. जुम्म्याच्या नमाजनंतर बघायला जाणार आहोत.