तीन केंद्रांची एक संध्याकाळ

आमचं घर बेळगावच्या शहापूर भागात. मी आता बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण बेळगावची संध्याकाळ म्हटलं की मला दारापुढचा कट्टा आणि त्यावरचा आजीचा रेडिओ आठवतो. भोकाभोकांच्या चामडी कव्हरातला, काटा फिरवायची चकती थोडी सैल झालेला.

बेळगावची जागाच मोठी मजेची. धारवाड, सांगली आणि पणजी ही आकाशवाणीची तिन्ही केंद्रं दीडशे किलोमीटरच्या आत. धारवाडचं केंद्र १९५० चं, सांगलीचं १९६३ चं. पणजीचं तर पोर्तुगीजांच्या काळात ‘एमिसोरा दे गोवा’ होतं, मुक्तीनंतर ते आकाशवाणीकडे आलं. नकाशावर आम्ही तीन राज्यांच्या सांध्यावर. रेडिओवर तेच अंतर काट्याच्या बोटभर हालचालीचं.

आजीचं वेळापत्रक ठरलेलं होतं. संध्याकाळी मराठी बातम्या, मग सांगलीचं भाषण किंवा श्रुतिका. नाटक असलं की कुकर आधीच उतरायचा. गाण्यासाठी मात्र धारवाड. मल्लिकार्जुन मन्सूर तिथे संगीत सल्लागार होते, हे ती घरचं माणूस असल्यासारखं सांगायची. मन्सूरअण्णा कन्नड घरातले. मिरजेला नीळकंठबुवांकडे शिकले, पुढे अल्लादियाखाँसाहेबांच्या मुलांकडून जयपूर घराण्याची तालीम घेतली. “गाण्याला कुठली रे हद्द?” एवढंच आजीचं त्यावरचं भाष्य. शनिवारी रात्री साडेनऊला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम, १९५२ पासून चालत आलेला. त्या वेळी आम्हा मुलांना कट्ट्यावर बसायला परवानगी होती, बोलायला नव्हती.

शहापूर-वडगाव म्हणजे साड्या विणणाऱ्यांची वस्ती. यंत्रमाग चालू असले की रेडिओत खरखर यायची. वीज गेली की माग थांबायचे आणि सेलवरचा रेडिओ एकदम स्वच्छ बोलू लागायचा. गल्ली विजेच्या नावाने ओरडत असताना आजी मात्र खूश. रात्री लांबची केंद्रंही का लागतात ते मला बीईला कळलं. सूर्य मावळला की मध्यम लहरी शोषून घेणारा वातावरणाचा खालचा थर विरतो, आणि लहरी वरच्या थरावरून परतून लांब पोचतात. आजीला सांगितलं तर म्हणाली, “म्हणजे अंधार पडल्याशिवाय ऐकू येत नाही, असंच की!”

या बैठकीत शेजारच्या अक्का कायमच्या. त्या कन्नड बोलणाऱ्या, त्यांच्या घरी चार माग. मांडीवर शेंगांचं सूप घेऊन त्या यायच्या. सांगलीचं नाटक अडलं तर आजी त्यांना समजावायची. धारवाडचं कन्नड भाषण अक्का आजीला सांगायच्या, मोडक्या मराठीत, हातवारे करून. एकदा भाषेवरून गावात बंद होता. आजीने दार ओढून घेतलं आणि आत, अगदी हळू आवाजात नाटक लावलं. थोड्या वेळाने कडी वाजली. अक्का होत्या. “वैनी, ऐकूच येईना की मला तिकडं,” म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतः रेडिओ उचलून कट्ट्यावर नेला. मी दहा वर्षांचा असेन. सीमाप्रश्नावर पुढे मी पुष्कळ ऐकलं, पण ती कडी विसरलो नाही.

आता माझी चूक सांगतो. चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत मी तो रेडिओ भंगारवाल्याला दिला. आजीला नवा फोन आणला, त्यात आकाशवाणीचं ॲप टाकलं. खरखर नाही, काटा नाही, देशभरातली केंद्रं बोटावर! आजी काही बोलली नाही. पुढच्या खेपेला फोन मला कपाटात टॉवेलात गुंडाळलेला सापडला. विचारलं, तर म्हणाली, “यात सगळं कधीही लागतंय रे. मग अक्काला नेमकं कधी बोलवू?”

तोवर अक्कांचे गुडघे गेले होते, त्या बाहेर पडत नव्हत्या. दोन घरांमध्ये एक भिंत, पण महिनोन्‌महिने भेट नाही. मी वस्तू बदलली असं समजत होतो. खरं तर दोघींची ठरलेली वेळच मोडली होती.

यंदा गणपतीला गेलो तेव्हा शनिवारी आजीला हात धरून अक्कांच्या पडवीत नेलं. फोन पितळी तांब्यात उभा केला, म्हणजे आवाज जरा घुमतो. धारवाड लावलं. कुठलंसं कन्नड भाषण चालू होतं. अक्का हातवारे करून सांगू लागल्या, पूर्वीपेक्षा सावकाश. आजी मान डोलवत होती. आता दर शनिवारी शेजारचा मुलगा तिला तिथे नेऊन सोडतो, साडेनऊच्या आधी.

त्या संध्याकाळी मध्येच नेट अडखळलं, आवाज तुटू लागला. आजी सवयीने म्हणाली, “काटा जरा उजवीकडे घे की.”

मी फोन तांब्यातून काढून पडवीच्या कठड्यावर ठेवला. आवाज आला.