विचारून उतरलेली दरी

आमच्या आरोंद्यात घर बांधायचे तर जांभा लागतो. त्यामुळे तांबड्या दगडाचे मला कधी अप्रूप वाटले नव्हते. सप्टेंबरअखेर लेकीने आम्हा दोघांना फिनिक्सहून ॲरिझोनाच्या ईशान्य कोपऱ्यात, नवाहो आदिवासींच्या मुलखात नेले, तेव्हा ते वाटले.

त्या मुलखाच्या हद्दीत शिरलो आणि मोबाइलमधले घड्याळ एक तास पुढे सरकले. उन्हाळ्यात बाकीचे ॲरिझोना वेळ बदलत नाही, नवाहो मात्र बदलतात. ते स्वतःला ‘दिने’ म्हणवतात. चिनली गावाजवळ कॅनियन डी शे ही दरी आहे. १९३१ पासून ते अमेरिकेचे राष्ट्रीय स्मारक आहे, पण जमीन आजही नवाहोंचीच. दरीत त्यांची घरे आहेत, मक्याची शेते आहेत. म्हणून नवाहो वाटाड्याशिवाय दरीच्या तळाला फिरता येत नाही.

आमची वाटाडी पन्नाशीची बाई होती. तिची उघडी गाडी ओहोळाच्या पाण्यातून, ओल्या वाळूतून चालली होती. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे. एका वळणावर गाडी कड्याला अगदी खेटून उभी राहिली, तेव्हा दगडातल्या तिरक्या रेघा दिसल्या. रेडीच्या किनाऱ्यावर वारा वाळूवर काढतो तशाच. हे कडे म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्याच, दगड झालेल्या.

पुढे ‘व्हाइट हाउस’. कड्याच्या कपारीत दगडमातीची घरे, वरच्या भिंतीला पांढरा गिलावा, त्यावरूनच हे नाव. पुएब्लो लोकांच्या पूर्वजांनी ती बांधली आणि साधारण १३०० पर्यंत दरी सोडली. नवाहो त्यानंतरचे. बाईने गाडी कुंपणापासून लांबच थांबवली. “ती घरे आमची नाहीत, जे गेले त्यांची आहेत. आम्ही आत जात नाही,” ती म्हणाली. ते ऐकून आमचे हे हळूच मला म्हणाले, “आपल्याकडे पण तसाच. इचारल्याशिवाय फुडे जावचा नाय.” राखणदाराला गाऱ्हाणे घातल्याशिवाय रानात कुऱ्हाड न लावणाऱ्या गावचे आम्ही. आम्हाला तिचे म्हणणे समजावून सांगावे लागले नाही.

खालच्या कातळावर पांढऱ्या रंगात हाताचे पंजे उमटवलेले होते. त्यातला एक अगदी लहान, पोराचा. त्याच्यासमोर मी बराच वेळ उभी होते.

परतताना तिने पीचची झाडे दाखवली आणि १८६४ ची गोष्ट सांगितली. किट कार्सनच्या अमेरिकी फौजेने दरीतली शेते जाळली, पीचच्या बागा तोडल्या आणि हजारो नवाहोंना बोस्क रेडोंडोच्या छावणीकडे शेकडो किलोमीटर पायी नेले. १८६८ च्या तहानंतर ते परत आले. ती हे सांगत होती ते पुस्तकातले वाचल्यासारखे नाही, आपल्या घरातले सांगतो तसे.

शेवटी कड्यावरून स्पायडर रॉक पाहिला, सुमारे ८०० फुटांचा एकटा सुळका. नवाहोंना विणकाम शिकवणारी कोळीमाय तिथे राहते, असे ते मानतात. वारुळाला सातेरीदेवी म्हणून हात जोडणाऱ्या मला ते अजिबात दूरचे वाटले नाही.

घरी परतल्यावर आम्ही मालवण तालुक्यातल्या कुडोपीची कातळशिल्पे पाहायला गेलो. सड्यावरची ही शिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. ती कोणी कोरली, त्यांचे नाव आपल्याला ठाऊक नाही. नवाहोंसारखेच आपणही नंतरचे. पण आपण ती सांभाळतो का? तिथे उभी असताना मला त्या बाईची लांब थांबवलेली गाडी आठवत होती. अशा जागा दाखवण्याचे काम त्या त्या गावच्या माणसांकडेच असावे, त्याचे पैसेही त्यांनाच मिळावेत, असे माझे ठाम मत झाले आहे.

तुम्ही कुडोपीला जाल तेव्हा गावातले कोणीतरी बरोबर घ्या. चपला बाजूला काढा, रेषांवर पाय देऊ नका आणि फोटोसाठी त्यांत खडू भरू नका.