लॉगिनच्या आधीचा कीबोर्ड

संगणक चालू केल्यापासून लॉगिनची चौकट दिसेपर्यंत कीबोर्डची मांडणी आणि फॉन्ट एकाच ठिकाणाहून ठरतात, हा समज लिनक्सच्या बाबतीत टिकत नाही. फर्मवेअर, बूटलोडर, इनिट्रॅमएफएस आणि मुख्य प्रणाली हे चार टप्पे एकामागून एक ताबा घेतात आणि एका टप्प्यातील निवड पुढच्या टप्प्याला आपोआप कळत नाही. इनिट्रॅमएफएस म्हणजे कर्नलबरोबर मेमरीत उतरणारी छोटी, तात्पुरती फाइलव्यवस्था. मुख्य डिस्क उघडण्याची साधने तिच्यात बांधलेली असतात आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली असल्यास पासफ्रेज, म्हणजे ती उघडणारा लांबलचक पासवर्ड, बहुतेक वेळा तीच विचारते.

कीबोर्ड मुळात अक्षर पाठवीत नाही, तर दाबलेल्या कळीचा संकेतांक पाठवतो, आणि त्या संकेतांकाचे अक्षर करणाऱ्या तक्त्याला कीमॅप म्हणतात. कर्नलमधील अंगभूत कीमॅप अमेरिकी मांडणीचा असल्यामुळे वेगळा तक्ता इनिट्रॅमएफएसमध्ये नसेल, तर जर्मन कीबोर्डवर ‘झेड’ची कळ दाबल्यावर ‘वाय’ उमटतो. पासफ्रेजची अक्षरे पडद्यावर दिसत नसल्याने हा बदल टंकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

लिनक्सच्या वेगवेगळ्या वितरणांचे संगणक एकत्र सांभाळताना प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेले एक प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. जर्मन कीबोर्ड असलेल्या एका लॅपटॉपवर पासफ्रेज अमेरिकी मांडणीत ठरवली गेली होती. नंतर प्रणालीची मांडणी जर्मन केली, तरी डिस्क पूर्वीसारखीच उघडत राहिली, कारण जुना तक्ता इनिट्रॅमएफएसमध्ये तसाच होता. पुढे कर्नल अद्ययावत झाल्यावर त्याच्यासाठी नवे इनिट्रॅमएफएस तयार झाले, त्यात जर्मन तक्ता गेला आणि तीच पासफ्रेज चुकीची ठरू लागली. बूट मेनूतून जुना कर्नल निवडताच मात्र ती पुन्हा चालली. संशय साहजिकच नव्या कर्नलवर गेला. खरे कारण त्याच्या कितीतरी आधी बदललेल्या सेटिंगमध्ये होते.

सेटिंगच्या जागाही वितरणागणिक वेगळ्या आहेत. फेडोरा आणि आर्चमध्ये ‘व्हीकन्सोल डॉट कॉन्फ’ ही फाइल कीमॅप आणि फॉन्ट दोन्ही सांगते, तर डेबियनमध्ये कीबोर्ड आणि कन्सोलचा, म्हणजे केवळ अक्षरे दाखवणाऱ्या पडद्याचा, फॉन्ट यांसाठी दोन स्वतंत्र फाइली आहेत. आर्चच्या पारंपरिक रचनेत हुकांचा, म्हणजे बूटच्या वेळी ओळीने चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्टांचा, क्रमही निर्णायक असतो. कीमॅपचा हुक डिस्क उघडणाऱ्या हुकाच्या आधी न ठेवल्यास योग्य तक्ता असूनही तो उशिरा लागू होतो.

फॉन्टची अडचण दिसते तरी. ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर आल्यावर कन्सोल नव्याने उभा राहतो, तेव्हा आधी लावलेला मोठा फॉन्ट जाऊन कर्नलचा मूळ फॉन्ट परत येऊ शकतो आणि दाट पिक्सेलच्या पडद्यावर अक्षरे मुंगीएवढी होतात. म्हणून प्रणालीतील सेवा सुरू करणारी सिस्टमडी नवा कन्सोल आढळताच फॉन्ट पुन्हा लावते. मराठीला मात्र इथे मूलभूत मर्यादा आहे. कन्सोलच्या फॉन्टमध्ये फार तर 512 चिन्हे मावतात आणि कन्सोल प्रत्येक संकेताला स्वतंत्र चौकोन देतो, त्यामुळे जोडाक्षरे आणि वेलांट्या नीट जुळत नाहीत. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये मराठी निवडायची तर ग्राफिकल आवृत्तीच घ्यावी लागते, ती याच कारणामुळे.

या साऱ्याचा व्यावहारिक निष्कर्ष असा, की कीबोर्डची मांडणी बदलल्यावर इनिट्रॅमएफएस त्याच बैठकीत पुन्हा तयार करावे आणि संगणक एकदा रीबूट करून पाहावा. एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कला एकाहून अधिक पासफ्रेज देण्याची सोय लक्स या प्रचलित पद्धतीत असल्यामुळे, वापरात येणाऱ्या सर्व मांडण्यांत एकाच जागी असणाऱ्या अक्षरांचीच, पण पुरेशी लांब, अशी दुसरी पासफ्रेज आधीच नोंदवून ठेवणे शहाणपणाचे ठरते.