मोत्याच्या गळ्यातला बिल्ला

कुवेतमध्ये कुत्रा पाळणारी मराठी घरं तशी थोडीच. आमचं त्यातलं एक. मोत्या आमच्याकडे आला तोच मुळी दुसऱ्याचा म्हणून. इमारतीतल्या एका कुटुंबाची नोकरी गेली, अकामा संपला, महिन्याभरात सामान बांधून मंडळी मायदेशी परतली आणि त्यांचा 'रॉकी' आमच्या दारात राहिला. आमच्या सौ.नी त्याच संध्याकाळी त्याचं नव्याने बारसं केलं. उन्हाळा आला की अशी जनावरं मागे राहतात, हे इथल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

२०२१ साली ॲपलचा एअरटॅग बाजारात आला. अकरा ग्रॅम वजन, जुन्या बंद्या रुपयापेक्षा जरासा मोठा. कन्येने हट्टाने तो मोत्याच्या गळपट्ट्यात बसवला. "अहो, म्युनिसिपालटीचा बिल्लाच की हा!" इति सौ. अमेरिकेत एम. एस. करून वीस वर्षं झाली, तरी नवीन यंत्र दिसलं की त्याच्या पोटात काय आहे हे शोधायची आमची खोड गेलेली नाही. शोधलं, तर जीपीएस नाहीच! एक गोल सेल आणि ब्लूटूथचा बारीकसा आवाज : "मी इथे आहे, मी इथे आहे." हा आवाज जवळून जाणाऱ्या कुणाच्या तरी आयफोनला ऐकू येतो आणि तो फोन आपलं स्वतःचं ठिकाण गुपचूप कळवतो. फोनवाल्याला पत्ताही नसतो. म्हणजे मोत्याला शोधणार ती रस्त्याने जाणारी परकी माणसंच. हे सामानासाठी आहे, जनावरांसाठी नव्हे, असं कंपनीने सुरुवातीलाच सांगितलं होतं. पण ऐकतो कोण!

सांगलीला आमच्या गल्लीत हेच काम फुकटात होई. कुत्रं दिसेनासं झालं तर पानपट्टीवाला नाहीतर शाळेचा शिपाई सांगायचाच, "तुमचं कुत्रं स्टँडकडं बघितलं की हो." इथे सात वर्षं समोर राहणाऱ्याचं नाव आम्हांला ठाऊक नाही.

२०२३ च्या २५ फेब्रुवारीला, राष्ट्रीय दिनाला, सालमियात नेहमीची धमाल चालू होती. गाड्यांचे हॉर्न, फेसाचे फवारे, पाण्याचे फुगे. एक फुगा शेजारी फुटला, मोत्याने हिसडा दिला, दोरीची कडी तुटली आणि स्वारी गर्दीत दिसेनाशी झाली. कन्या तिथेच फुटपाथवर बसून रडू लागली. आम्ही फोन उघडला. गर्दीचे उपकार! दर दोन-चार मिनिटांनी ठिपका सरकत होता. समुद्राकाठचा रस्ता, मग आतली गल्ली, मग ब्लॉक १२ मधली एक इमारत. तिथे ठिपका थांबला आणि पाऊण तास हललाच नाही. गाडीखाली सापडला असेल का, हा विचार आम्हां तिघांच्याही मनात आला. बोललं कुणीच नाही.

इमारतीच्या पार्किंगमध्ये बांगलादेशी हारिस पुठ्ठ्यावर बसला होता. शेजारी मोत्या, सुतळीने बांधलेला, पुढ्यात खुबूस. "साब, बहुत डरा हुआ था," एवढंच तो म्हणाला. त्याच्याजवळ साधा अँड्रॉइड फोन होता. आमच्या बिल्ल्याच्या हिशेबी तो माणूस तिथे नव्हताच. पैसे देऊ केले, तर घेईना. शेवटी सौ.नी दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या नेऊन दिल्या. आता तो मोत्याला लांबूनही ओळखतो.

हिवाळ्यात वाळवंटात तंबू ठोकायला जाणाऱ्यांनी मात्र या बिल्ल्यावर विसंबू नये. जिथे माणूस नाही तिथे फोन नाही, आणि फोन नाही तर बिल्ला मुका. ससाणे पाळणारे अरब पक्ष्याच्या शेपटीला रेडिओ ट्रान्समीटर बांधतात आणि अँटेना फिरवत माग काढतात, ते उगीच नव्हे. कुत्र्यासाठी जीपीएस आणि सिमकार्ड असलेला पट्टा मिळतो; तो घ्यावा. आणखी एक : एअरटॅगची सहनशक्ती साठ अंश सेल्सिअसपर्यंत. जुलैत बंद गाडीत गळपट्टा विसरू नका. (कुत्रा तर नकोच नको!)

गेल्या उन्हाळ्यात सुट्टीवर निघताना मोत्याला अब्बासियातल्या स्नेह्यांकडे ठेवलं. त्यांच्या घरात सगळे अँड्रॉइड. सांगलीला पोचल्यावर रात्री अंथरुणावर पडून आम्ही नकाशा बघायचो, तर "चार तासांपूर्वी", "सहा तासांपूर्वी". खाली नोकरी-धंद्याच्या बातम्या दिसत होत्या आणि मनात येत होतं, उद्या आमचाच अकामा संपला तर? मोत्याचे विमानाचे कागद, लशीचे दाखले... कन्येने तर आत्ताच बजावून ठेवलंय, "तो येणार नसेल तर मीही येणार नाही."

तिसऱ्या रात्री आई उठून आली. "काय रे बघतोस एवढं?"

सांगितलं.

"मग सरळ फोन करून विचार की त्यांना!"

केला. मोत्या एसीखाली झोपला होता.